काटे

एर्मोसियोत जुलैत, दुपारी दोनला,
कुत्रीसुद्धा सावली बदलत नाहीत.
तेव्हा आली ती पांढरी त्सुरू, सत्त्याण्णवची,
चारी काचा खाली,
आत ग्रिसेल्दाबाई, पियानो जुळवणाऱ्या,
मांडीवर ओला टॉवेल,
टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं.

"गॅस भर," म्हणाल्या.
मार्चपासून तीनदा भरलेला, तीन गॅरेजांत.
दोन आठवडे गार, मग कोमट,
मग नुसता वारा, तोही तापलेला.

नेपोमुसेनो असा कुणाच्या सांगण्यावरून गॅस भरत नाही.
आधी त्याने घड्याळं जोडली, निळं आणि लाल,
आणि मला पुढे ओढलं. चौदा महिन्यांचा शिकाऊ मी.
"गाडी बंद असली की दोन्ही काटे एका पातळीला.
ते ठीक. झोपलेली माणसंही सारखीच दिसतात.
चालू झाली की निळ्याने उतरायचं, लालने चढायचं.
त्या ओढाताणीतूनच गारवा निघतो.
आता हिचे बघ."

निळा सत्तरवर, लाल जेमतेम एकशेचाळीस.
सौदा ठरत आला की
गिऱ्हाईक आणि दुकानदार सरकतात
तसे एकमेकांकडे सरकलेले.
पुढच्या सीलपाशी तेलाचा ओला ठसा,
त्यावर वाळवंटाची बारीक माती.

मग त्याने लांब पेचकस काढला,
टोक कॉम्प्रेसरवर, मूठ कानामागच्या हाडावर.
बराच वेळ उभा राहिला.
मग दुसरा कान लावला.
मग पुन्हा पहिला.
मला कळलं.
मला कळलंय हे त्यालाही कळलं.
"तू ऐक," म्हणाला, पेचकस माझ्याकडे न बघता देत.

मला काय, सगळं जातं दळल्यासारखं.

बाईंनी हात पुढे केला.
केसांचा बुचडा वर सारून मूठ टेकवली, डोळे मिटले.
"क्लच सोड."
सोडला.
"हं. हा सरळ आहे, स्वच्छ. आता धर."
खट्.
कपाळावर एक आठी.
"सोल आहे, पण खाली घसरलेला.
आणि त्याच्या अंगाला घासत दुसरा एक,
सेकंदाला तीन हेलकावे.
आत काहीतरी सैल झालंय, बाबा.
हे मला रोज भेटतं, फक्त लाकडात."

नेपोमुसेनोने गॅस यंत्रात ओढून घेतला,
नळी सोडवली, कागदावर तेलाचे चार थेंब.
राखाडी. उन्हात धरले
तर त्यात चांदीची पूड.
सव्वीस उन्हाळे ती बाईंना गार ठेवत आली होती
स्वतःला खरवडून खरवडून,
आणि सगळ्यांनी तिला
वरून पाजलं फक्त.

"बेअरिंग असतं तर आज संध्याकाळी दिली असती,"
तो म्हणाला. "हा गेला.
नवा घालायचा तर आतल्या नळ्याही धुवायला हव्यात,
नाहीतर ही पूड नव्यालाही खाईल."
मग आकडा सांगितला.
आकडा गाडीपेक्षा मोठा होता.

बाई हसल्या नाहीत, रडल्या नाहीत.
टॉवेल उलगडला: नादकाटा,
मुठीपाशी झिजून काळा.
"मला ऊन लागत नाही रे.
पण हा तापला की उतरतो. केसाएवढा.
आणि मला पैसे मिळतात
त्या केसाएवढ्याचेच."

मी माझा जेवणाचा डबा रिकामा केला,
सोड्याच्या पेटीतलं मूठभर बर्फ फडक्यात बांधलं,
वर कोरडा रुमाल, त्यावर तो.
क्लचची तार नेपोमुसेनोने काढून ठेवली,
मोह नको म्हणून.
पैसे घेतले नाहीत. "तपासणी तुम्हीच केलीत."

गाडी चालू झाली.
बाईंनी मान तिरकी केली,
खिडकीतून म्हणाल्या,
"पट्टाही चिरकतोय. बारीक. येतोय ना ऐकू?"
"येतोय," नेपोमुसेनो म्हणाला.

मी पाने पुसत राहिलो,
पुसलेलेच.